३४२वं कार्ड



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात एक काम हातावेगळं झालं. १९८३ साली सुरू केलेला कार्डांचा एक सेट गेल्या वर्षी मार्चमध्ये पूर्ण झाला. नात्यातल्या बऱ्याच जणांना माझ्याबद्दल "त्याला तिकडे जाऊन कसलासा पत्त्यांचा नाद लागलाय" एवढंच माहीत आहे. एका मावशींनी तर आमच्या हिला बाजूला घेऊन "जुगार वगैरे नाही ना गं?" असंही विचारलं होतं. तर मावशी, जुगार नाही. (अगदीच नाही असं मात्र म्हणवत नाही, ते पुढे येईल.) हे पत्ते नव्हेत, बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सेट कोणता, तर टॉप्स १९५६. टॉप्स ही मूळची ब्रुकलिनची च्युइंगगम कंपनी. गमच्या पाकिटात मुलांसाठी कार्डं घालायची. १९५६ च्या सेटमध्ये १ ते ३४० नंबरांची कार्डं आणि शिवाय नंबर नसलेली दोन यादीची कार्डं, म्हणजे चेकलिस्ट. एकूण ३४२. कार्ड आडवं, पावणेचार इंच लांब. एकीकडे खेळाडूचा मोठा रंगीत चेहरा, त्याच्यामागे मैदानातलं धावण्याचं किंवा झेल घेण्याचं चित्र, आणि त्यावर सही छापलेली. पाठीवर तीन छोटी व्यंगचित्रं, खाली गेल्या वर्षीचे आणि आजवरचे आकडे. पुढच्याच वर्षी, १९५७ ला, टॉप्सने कार्ड लहान करून साडेतीन बाय अडीच इंचांचं केलं. तेच माप आजही चालतं. म्हणजे मोठ्या कार्डांचं हे शेवटचं वर्ष.

आता साताऱ्याकडचा माणूस या नादाला लागला कसा?

मी १९७९ ला न्यू जर्सीत आलो. पहिली काही वर्षं सगळ्यात जास्त काय चुकल्यासारखं वाटायचं, तर क्रिकेट. रेडिओवर कॉमेंट्री नाही, पेपरात स्कोअर नाही. कसोटीचा निकाल घरून आलेल्या पत्रातून पंधरा दिवसांनी कळायचा! आमचा शेजारी माझ्यापेक्षा सातेक वर्षांनी मोठा, ब्रुकलिनमध्ये वाढलेला. त्याला माझी दया आली असावी. उन्हाळ्यात संध्याकाळी तो अंगणात रेडिओ लावून बसायचा आणि मला बेसबॉल शिकवायचा. १९८३ च्या अशाच एका संध्याकाळी त्याने घरातून एक जुनं पुस्तक आणलं आणि त्यात खूण म्हणून ठेवलेलं एक कार्ड माझ्या हातात दिलं. नंबर १६६, ब्रुकलिन डॉजर्सच्या अख्ख्या टीमचा फोटो.

डॉजर्सनी १९५५ साली यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. ब्रुकलिनमध्ये असताना जिंकलेली ती एकमेव. त्यानंतरच्या वर्षी हे कार्ड निघालं तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर मालकाने टीमच उचलून लॉस एंजेलिसला नेली. मुंबईची रणजी टीम कुणी उचलून कलकत्त्याला नेली तर दादरच्या पोरांना कसं वाटेल, तसं झालं असणार.

"बाकीची कार्डं?" मी विचारलं.

"आईने टाकली. मी सैन्यात गेलो, परत आलो तर खोली साफ."

त्या एका वाक्याने आमची खरी दोस्ती झाली. कारण माझ्याकडेही तीच गोष्ट होती. लहानपणी मी काड्यापेट्यांचे छाप जमवायचो. अंबरनाथच्या विमकोचे, शिवकाशीचे, घोडा, जहाज, काय काय. पेटी पाण्यात भिजवून छाप अलगद सोडवायचा, वहीत सुकवायचा, शाळेत अदलाबदल करायची. दोन वह्या भरल्या होत्या. एका दिवाळीच्या साफसफाईत त्या दोन्ही वह्या बंबात गेल्या. आईचं म्हणणं, "कसला तो कचरा! पाणी तरी तापलं." त्या दिवशीच्या अंघोळीइतकी महागडी अंघोळ मी आयुष्यात केली नाही.

शेजारी म्हणाला, "हे तू ठेव. मी काही पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार नाही." आणि मी सुरू केलं.

सेट पूर्ण करण्याची ही ओढ माणसात मुळातच असते की कुणी लावते? मला वाटतं दोन्ही. पण लावणाऱ्यांनी ती भरपूर वापरून घेतली, हे या कार्डांचा इतिहास वाचताना कळतं.

सुरुवात सिगारेटची. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायच्या. तुकडा कोराच कशाला, म्हणून त्यावर चित्र आलं. नट्या, राजे, पक्षी, बेसबॉलवाले. चित्राला नंबर किंवा यादी आली की गिऱ्हाईक अडकलं, पुढचं पाकीट घेणारच. १९०९ ते १९११ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मोठ्या सेटमध्ये पाचशेहून जास्त कार्डं होती. त्यातलं होनस वॅग्नरचं कार्ड छापणं लवकरच थांबलं. माझ्या चित्रामुळे मुलं तंबाखू घेतील म्हणून त्याने नकार दिला असं एक मत, पैशांवरून अडलं असं दुसरं. कारण काही असो, आज त्याच्या जेमतेम काही डझन प्रती आहेत. त्यातली एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना गेली.

मग तंबाखूची जागा गमने घेतली. १९३३ साली बॉस्टनच्या गाउडी कंपनीने २४० कार्डांचा सुंदर सेट काढला. मुलं गम चघळत कार्डं जमवत राहिली, पण १०६ नंबर काही कुणाला मिळेना. मिळणार कसा? कंपनीने तो छापलाच नव्हता! पोरं १०६ च्या आशेने पाकिटामागून पाकीट फोडत होती. तक्रारीची पत्रं आल्यावर पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, नॅप लाजवे या जुन्या खेळाडूचं १०६ नंबरचं कार्ड छापलं गेलं आणि तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवलं. मावशी, जुगाराचं म्हणालो होतो ना, ते हे. आकडा लावायचा आणि तो आकडा मटक्यात घातलेलाच नाही.

टॉप्सची गोष्ट याच्या पुढची. १९५१ च्या पानगळीत सी बर्जर नावाच्या टॉप्सच्या तरुण नोकरदाराने वुडी गेलमन या सहकाऱ्याबरोबर आपल्या ब्रुकलिनच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून १९५२ चा सेट आखला. ४०७ कार्डं, पुढे फोटोवरून रंगवलेलं चित्र, मागे आकडे. आजच्या कार्डाचा साचा इथे पडला. त्या सेटचा शेवटचा भाग उशिरा बाजारात आला, तोवर मुलं फुटबॉलकडे वळली होती. माल पडून राहिला. बर्जर स्वतः सांगायचा, की जत्रावाल्यांनासुद्धा तो फुकटाच्या भावात नको होता. शेवटी १९६० मध्ये जागा रिकामी करायला ती खोकी बार्जवर लादली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत नेऊन अटलांटिकमध्ये टाकली. त्याच शेवटच्या भागात ३११ नंबरचा मिकी मँटल होता. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. समुद्राला भरती येते तेव्हा मला उगाच त्याची आठवण येते.

आणि १९५६? त्या वर्षाच्या सुरुवातीला टॉप्सने बोमन ही एकमेव मोठी प्रतिस्पर्धी कंपनी विकतच घेतली. त्यामुळे १९५६ चा सेट हा टॉप्सच्या मक्तेदारीचा पहिला सेट. ती मक्तेदारी कोर्टकचेऱ्या होऊन १९८१ पर्यंत चालली. खेळाडूला चित्राच्या हक्कासाठी वर्षाला १२५ डॉलर मिळायचे. मार्व्हिन मिलर हा खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाल्यावर, १९६८ मध्ये, ती रक्कम दुप्पट झाली आणि विक्रीत वाटाही मिळू लागला.

मला बेसबॉल खरा कळला तो या कार्डांच्या पाठीवरून. रोज रात्री जेवणं झाली की एक कार्ड घेऊन बसायचो. हीने एकदा विचारलंसुद्धा, "अहो, पोथी आहे का ती?" होतीच म्हणा.

३० नंबर जॅकी रॉबिन्सन. १९४७ मध्ये डॉजर्सकडून उतरून आधुनिक मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. कार्डावर तो होम प्लेटकडे घसरत येतोय. डिसेंबर १९५६ मध्ये डॉजर्सनी त्याला जायंट्सकडे देऊन टाकायचं ठरवलं, त्यापेक्षा त्याने निवृत्ती पत्करली. म्हणजे खेळत असताना निघालेलं त्याचं हे शेवटचं टॉप्स कार्ड.

३१ नंबर हँक ॲरन. चेहरा ॲरनचाच, पण मागचं घसरणाऱ्या खेळाडूचं चित्र चक्क विली मेजचं! मेजच्या फोटोवर ॲरनच्या टीमचा गणवेश रंगवून दिलाय. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

३३ नंबर रॉबर्टो क्लेमेंटे, पोर्टो रिकोचा. या कार्डावर त्याचं नाव 'रॉबर्टो' आहे. पुढच्या वर्षापासून टॉप्सने ते 'बॉब' केलं आणि १९६९ पर्यंत बॉबच ठेवलं. स्वतः क्लेमेंटेला ते आवडायचं नाही. माझं पाच अक्षरी नाव ऑफिसात पहिल्याच आठवड्यात दोन अक्षरी झालं होतं, त्यामुळे या कार्डावर माझा जीव आहे. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला.

आणि जो नाही त्याचंही सांगतो. स्टॅन म्युझियल, त्या काळातला अव्वल फलंदाज. त्याचा टॉप्सशी करार नव्हता, म्हणून १९५६ च्या सेटमध्ये तो नाहीच. ३४२ कार्डं जमवलीत तरी म्युझियल येत नाही. शिवाय पहिल्या १८० कार्डांची पाठ काहींची करडी, काहींची पांढरी. दोन्ही जमवायची म्हटलं तर सेट आणखी १८० नी वाढतो! मी त्या वाटेला गेलो नाही. पण 'पूर्ण' म्हणजे काय हे शेवटी छापणाऱ्याने ठरवलेलं असतं, हे तिथे कळलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तिथे येतो.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या कार्डांचं वेड पसरलं. लहानपणी ज्यांची कार्डं आयांनी टाकली ती पिढी कमावती झाली होती. जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या माणसाने भावांची पुस्तकं काढली आणि १९८४ पासून मासिक. दर महिन्याला प्रत्येक कार्डाचा भाव, वर गेला की खाली आला तेही! शेअर बाजारच. मीही ते मासिक घ्यायचो. कोपरा मोडला तर भाव निम्मा, पेनाची रेघ असली तर त्याहून कमी, हे मला पाठ झालं.

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्याला मीच नाद लावला. १९८८ मध्ये त्याच्या पाकिटात टॉप्सची एक चेकलिस्ट निघाली. चेकलिस्टवर प्रत्येक नावापुढे एक चौकोन असतो, मिळालेल्या कार्डावर खूण करायला. त्याने बॉलपेन घेतलं आणि मिळालेल्या कार्डांच्या चौकोनांत टिका करायला सुरुवात केली. अगदी जिभेचं टोक बाहेर काढून, मन लावून. मी ऑफिसातून आलो, बघितलं आणि ओरडलो. "अरे, वेडा आहेस का? घालवलीस ना किंमत!" त्याने पेन खाली ठेवलं.

ते कार्ड तेव्हा पाच सेंटचंही नव्हतं.

त्यानंतर आमच्याकडे सगळं शिस्तीत चालू झालं. कार्डाला कडेने धरायचं, प्लास्टिकच्या खोळीत घालायचं, पाकिटं न फोडता ठेवायची. १९८९ ला अपर डेक नावाची नवी कंपनी चकचकीत कार्डं घेऊन आली, १ नंबरला केन ग्रिफी ज्युनिअर. मी मुलाच्या कॉलेजसाठी म्हणून खोकीच्या खोकी घेतली. हा म्हणे गुंतवणुकीचा मार्ग! माझ्यासारख्या लाखो बापांनी तेच केलं, आणि कंपन्यांनी बदाबदा छापलं. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली, आणि हा फुगा बसला. ती खोकी आजही आमच्या बेसमेंटमध्ये आहेत. कुणी फुकट नेत असेल तर कळवा, गाडीत चढवून द्यायला मी मदत करतो.

मुलगा त्याच्या कितीतरी आधीच या सगळ्यातून बाहेर पडला होता. दहाव्या वर्षी. मला वाटलं, मुलांचं असंच असतं.

नीट विचार केला तर हिशेब सरळ आहे. १९५६ च्या कार्डांना किंमत आली कारण कुणी ती जपली नाहीत. पोरांनी ती भिंतीवर आपटून खेळली, फडफड आवाज यावा म्हणून सायकलच्या चाकाला अडकवली, रबरबँडने बांधून खिशात कोंबली, आणि उरलेली आयांनी टाकली. जी वाचली ती पुस्तकात खूण म्हणून वगैरे, अपघाताने. १९८९ ची सगळ्यांनी जपली, म्हणून त्यांची रद्दी झाली. पण हा झाला भावाचा हिशेब. दुसरा हिशेब कळायला मला आणखी बरीच वर्षं लागली.

त्यात जेफरसन बर्डिक या माणसाचा वाटा आहे. हा न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा, विजेच्या सामानाच्या कारखान्यात साधा कामगार. लग्न केलं नाही. संधिवाताने हातपाय वाकडे झालेले. त्याने आयुष्यभर छापील चिटोरी जमवली. बेसबॉल कार्डं, सिगारेटची चित्रं, शुभेच्छापत्रं, जाहिराती. तीन लाखांहून जास्त! त्यांची वर्गवारी करून त्याने सूची छापली. वॅग्नरच्या त्या सेटला आज सगळं जग 'टी २०६' म्हणतं, ते नाव बर्डिकच्या सूचीतलं. टी म्हणजे टोबॅको. हा सगळा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला फुकट दिला, आणि स्वतः तिथे बसून, वाकड्या बोटांनी, एकेक कार्ड वह्यांत डकवलं. अनेक वर्षं चाललं ते काम. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं कार्ड चिकटवलं, कोट चढवला, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात दाखल झाला, आणि मार्चमध्ये गेला.

मी म्युझियममध्ये त्यातली थोडी कार्डं बघितली आहेत, अधूनमधून आलटून पालटून लावतात. बघताना पहिला विचार काय आला सांगू? "अरेरे, गोंद लावला! किंमत गेली." आणि दुसऱ्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली. हाच आवाज मी १९८८ साली घरात ऐकला होता. या माणसाने किमतीचा विचार केला असता तर संग्रह लिलावात फुटून चार दिशांना गेला असता. गोंद होता म्हणून तर तो एकत्र राहिला.

माझा सेट हळूहळू भरत होता. कार्ड शो, टपाल, पुढे ईबे. मँटल (१३५ नंबर) १९८६ ला घेतला, मधोमध घडी पडलेला, तरी त्या महिन्याच्या गाडीच्या हप्त्याहून महाग. हिला खरी किंमत मी अजून सांगितलेली नाही, आता वाचेल. तिसऱ्या भागातली, म्हणजे १८१ ते २६० नंबरांची कार्डं जरा दुर्मीळ, तिथे बराच काळ अडकलो. २०११ ला ३४० झाली. तोवर शेजारी गेला होता. १६६ नंबर आजही त्याचाच आहे, पुस्तकात राहिल्यामुळे अगदी सपाट. मग एक चेकलिस्ट मिळाली, आणि राहिली दुसरी, एकीकडे पहिल्या भागाची आणि दुसरीकडे तिसऱ्या भागाची यादी असलेली.

चेकलिस्ट स्वच्छ मिळणं अवघड. उघड आहे ना, ती कार्डं खुणा करायलाच होती! १९५६ च्या पोरांनी पेन्सिली घेऊन खुणा केल्या आणि काम झाल्यावर टाकून दिली. कोरी प्रत मिळते, पण आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या किराण्याइतके पैसे पडतात. दहाएक वर्षं मी कोरीच्या शोधात होतो. पैसे जमले की भाव पुढे गेलेला असायचा.

गेल्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाजवळच्या एका कार्ड शोमध्ये एका टेबलावर 'खराब माल' लिहिलेल्या खोक्यात ती दिसली. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. किंमत पन्नाशीच्या आत. मी उलटसुलट करत होतो तेव्हा शेजारी उभा असलेला एक संग्राहक हळूच म्हणाला, "शिसपेन्सिल आहे. मऊ खोडरबराने जाईल. कुणाला कळायचंही नाही."

मी चष्मा काढून डोळ्याजवळ नेऊन बघितलं. पहिल्या भागाच्या शंभर चौकोनांपैकी ८७ वर टिका. बारीक, एकसारख्या, चौकोनाबाहेर न गेलेल्या. कुणीतरी जिभेचं टोक बाहेर काढून केलेल्या. कार्ड उलटलं, तर तिसऱ्या भागाच्या ऐंशीपैकी फक्त सहांवर. उन्हाळा संपला असेल, पैसे संपले असतील, नाद सुटला असेल. परत पहिली बाजू बघितली. ३० नंबरचा चौकोन रिकामा होता, पण नुसता रिकामा नव्हता. तिथे टीक होती आणि ती खोडलेली होती. कागद तेवढ्या जागी खरवडल्यासारखा झालेला. म्हणजे याच्याकडे जॅकी रॉबिन्सन होता, आणि मग गेला. अदलाबदलीत गेला, पैजेत हरला, की चोरीला गेला? काही कळायला मार्ग नाही. पण त्या पोराने प्रामाणिकपणे टीक खोडली. नाही ते आहे म्हणून दाखवलं नाही.

आणि मला खोडरबर सुचवत होते!

मी ते कार्ड घेतलं. तीनशे बेचाळिसावं. गाडीत बसलो, पण लगेच निघवेना. इतक्या वर्षांनी सेट पूर्ण झाला म्हणजे ढोलताशे वाजतील असं वाटलं होतं. मनात मात्र एकच होतं. या पोराने जे केलं, अगदी तेच माझा पोरगा करत होता, आणि मी त्याच्या हातातलं पेन खाली ठेवायला लावलं.

थँक्सगिव्हिंगला तो बायको-मुलीला घेऊन आला तेव्हा कार्ड दाखवलं. त्याने ते कडेने धरलं, मी शिकवलं होतं तसं. ते बघून पोटात कालवलं. मी म्हटलं, "तुझी ती १९८८ ची चेकलिस्ट बेसमेंटमध्ये असेल. मी शोधतोय, खोकी उपसली सगळी."

तो म्हणाला, "बाबा, ती मी त्याच दिवशी फाडून टाकली. तुम्हीच म्हणालात ना, किंमत गेली."

अगदी सहज म्हणाला. राग वगैरे काही नाही, चाळिशी उलटलेला माणूस आहे तो. मी "चुकलं माझं" म्हणालो. तो म्हणाला, "अहो, आठ वर्षांचा होतो मी, विसरलो पण." विसरला असता तर 'त्याच दिवशी' म्हणाला नसता. असो.

तेवढ्यात सात वर्षांची नात येऊन बसली. तिला त्या यादीची गंमत कळायला दोन मिनिटं लागली. ती नंबर वाचायची, मी वहीतून कार्ड काढून तिच्या हातात द्यायचो. खोळीतून बाहेर काढून, हो. मँटलसुद्धा. ती व्यंगचित्रं बघून हसायची आणि पुढचा नंबर मागायची. ३० आला. "हे आहे का आपल्याकडे?" "आहे." "मग इथे टीक का नाही? मी करू?" आणि पेन्सिल शोधायला पळाली.

तर मंडळी, माझी परीक्षाच होती. इतकं सगळं वर लिहिलंय, वाचून तुम्हाला वाटेल मी हसत हसत कार्ड तिच्यापुढे केलं. नाही केलं. त्या पोराने ती जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवली होती, ती आपण भरणं बरं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तेच की जुनी सवय, काय सांगू. मी उठलो, वरच्या खोलीत जाऊन दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून आणली, आणि पेन्सिलीबरोबर तिच्यापुढे ठेवली.

मुलगा बघत होता. म्हणाला, "बाबा, प्रगती आहे."

नात कामाला लागली. जिभेचं टोक बाहेर काढून. तिसाव्या चौकोनात टीक केली, आणि मग मला म्हणाली, "आजोबा, एकतिसावं द्या."